लाल चट्ट्यांचा डिटेक्टिव्ह

नायसिन. शरीरात कमी पडलं तर कातडी लाल, गोळीतून जास्त गेलं तरी कातडी लाल! या जीवनसत्त्वाचं नावही जगाला माहीत नव्हतं, तेव्हा त्याचा माग काढणाऱ्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांची ही गोष्ट.

समजा, तुम्ही ऑनलाइन एक सप्लिमेंट मागवलं. नायसिन, ५०० मिलिग्रॅम. डबीवर एनर्जी, ग्लो, मेटाबॉलिझम असं बरंच काय काय छापलेलं. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेतली आणि लेक्चरला जाऊन बसलात. वीसेक मिनिटांत कान तापले. मग चेहरा, मान, छाती. सगळं लालबुंद. सुया टोचल्यासारखं होतंय, खाज सुटलीय. शेजारची मैत्रीण घाबरून विचारते, तुला कसली ॲलर्जी आहे का? घरी फोन केलात तर आई म्हणणार, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव.

नक्की काय झालंय? ॲलर्जी? पित्त? की तिसरंच काही?

उत्तर या लेखात आहेच. पण तिथे पोचायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. कातडीवर उठलेले लाल चट्टे बघून साऱ्या जगानं एक अंदाज बांधला होता, आणि एकच माणूस म्हणत होता की तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. आपलं म्हणणं खरं करायला त्यानं जे केलं, ते वाचून तुम्हाला कदाचित मळमळेल. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

किराणा दुकानदाराचा पोरगा

जोसेफ गोल्डबर्गरचा जन्म १८७४ चा. गाव गिराल्ट, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातलं, आजच्या स्लोवाकियातलं. ज्यू कुटुंब, पोटापाण्याला मेंढ्या. १८८३ मध्ये सगळ्या कुटुंबानं बोचकी बांधली आणि अमेरिका गाठली. जोसेफ तेव्हा नऊ वर्षांचा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीत वडिलांनी किराणा दुकान टाकलं.

सोळाव्या वर्षी जोसेफ सिटी कॉलेजात दाखल झाला. इंजिनीअर व्हायला! अभ्यासात हुशार, गणित पक्कं. एके दिवशी मित्राच्या नादानं तो बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात एक व्याख्यान ऐकायला जाऊन बसला आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं. इंजिनीअरिंग सोडलं, मेडिकलला गेला. १८९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, डॉक्टर झाला. म्हणजे करिअर बदलायचा प्रश्न फक्त तुमच्याच पिढीला पडतो असं नाही.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियात खासगी दवाखाना थाटला. पण बसून बसून कंटाळले. १८९९ मध्ये सरकारच्या मरीन हॉस्पिटल सर्व्हिसमध्ये नोकरी धरली. हेच खातं पुढे अमेरिकेची पब्लिक हेल्थ सर्व्हिस झालं. काम काय? तर बंदरावर उतरणाऱ्या लोकांची तपासणी आणि जिथे साथ येईल तिथे धावणं. पीतज्वर, डेंग्यू, टायफस अशा साथींवर काम करताना हे तिन्ही आजार त्यांना स्वतःलाही झाले. तिन्हींतून ते वाचले आणि पुन्हा कामावर हजर झाले.

१९०६ मध्ये लग्न केलं. मेरी फरार, न्यू ऑर्लिन्सच्या एका श्रीमंत वकिलाची मुलगी. ती ख्रिश्चन, हा ज्यू. दोन्ही घरांतून विरोध. तरी केलं. ही मेरी लक्षात ठेवा, गोष्टीत पुढे तिचं मोठं काम आहे.

गादीत घातलेला हात

१९०९ मध्ये फिलाडेल्फियात एक विचित्र प्रकार सुरू झाला. खलाशी आणि गावातले काही लोक अंगभर उठलेल्या खाजऱ्या पुळ्यांनी बेजार. जे फ्रँक शॅमबर्ग नावाचे तिथले त्वचारोगतज्ज्ञ कोड्यात पडले. साथीचा रोग म्हणावा, तर एकाकडून दुसऱ्याला होताना दिसत नाही. सरकारनं गोल्डबर्गरना पाठवलं.

त्यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला. ज्यांना खाज सुटलीय आणि ज्यांना नाही, त्यांच्यात फरक काय? फरक सापडला तो गाद्यांत. ज्यांना खाज, ते पेंढा भरलेल्या नव्या गाद्यांवर झोपत होते. मग गोल्डबर्गरनी आपला उघडा हात त्याच गाद्यांमध्ये घालून ठेवला. काही तासांनी हातावर तश्शाच पुळ्या! पेंढा चाळला, भिंगाखाली पाहिला, तर त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक किडे. उपाय सोपा होता. गाद्या बदला. काही दिवसांत कोडं सुटलं.

प्रकरण तसं किरकोळ. पण गोल्डबर्गर यांची पद्धत यात पुरती दिसते. पुळी बघून आजाराचं नाव ठेवायचं नाही. कुणाला होतंय आणि कुणाला होत नाहीय, हे बघायचं. आणि खात्री करायची तर आधी स्वतःचा हात पुढे करायचा.

पेलाग्रा नावाचं भूत

आता खरी केस. १९१४ साल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे कापसाच्या पट्ट्यात, एका रोगानं थैमान घातलं होतं. नाव पेलाग्रा. हे नाव इटलीतून आलेलं, अर्थ खरखरीत कातडी. उन्हाळ्याच्या तोंडाशी हाता-पायांवर, गालांवर उन्हानं भाजल्यासारखे लाल चट्टे उठायचे. दोन्ही हातांवर अगदी सारखे. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा यायचा. १७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश डॉक्टरनं या रोगाची पहिली नोंद केली होती, म्हणून त्या पट्ट्याला कासालची माळ म्हणतात. मग कातडी काळवंडायची, सोलपटायची. त्यापाठोपाठ जुलाब. मग भ्रम, विसरणं, वेड. आणि शेवटी मृत्यू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि त्यातले १ लाखाच्या आसपास दगावले, असा अंदाज आहे.

बहुतेक डॉक्टरांचं मत ठरलेलं होतं. हा संसर्गजन्य रोग आहे. कुणी माशीवर संशय घेत होतं, कुणी अस्वच्छतेवर, कुणी सडक्या मक्यावर. तो काळच जंतूंचा होता. क्षयाचा जंतू सापडला होता, कॉलऱ्याचा सापडला होता, मग पेलाग्राचाही सापडणारच. याचा परिणाम काय? चट्टे दिसले की शेजारी लांब पळायचे. काही दवाखाने तर अशा पेशंटला दाखलच करून घेत नसत. आजार एक आणि वर वाळीत टाकल्याची शिक्षा.

सरकारनं तपासाचं काम गोल्डबर्गरकडे दिलं. संसर्गजन्य रोगांतला दांडगा अनुभव बघूनच त्यांना निवडलं होतं. गंमत अशी, की संसर्गाची थिअरी खोडून काढली ती याच माणसानं.

नर्सला का होत नाही?

ते दक्षिणेत गेले आणि वेड्यांची इस्पितळं, अनाथालयं, तुरुंग पालथे घालू लागले. पहिल्या काही आठवड्यांतच त्यांना एक गोष्ट खटकली. इस्पितळातल्या रुग्णांना पेलाग्रा होतोय, पण त्यांची सेवा करणाऱ्या नर्सना, रखवालदारांना नाही. एकालाही नाही! एकच इमारत, तीच हवा, त्याच माशा. संसर्ग असता तर त्यानं रुग्ण आणि नोकर असा भेद केला असता का?

मग भेद कशात? ताटात. मक्याची भाकरी किंवा मक्याचं पिठलं, उसाची काकवी आणि डुकराच्या पाठीची निव्वळ चरबी, हे रुग्णांचं रोजचं जेवण. नोकरमाणसं आपल्या ताटात चांगलंचुंगलं आधी काढून घेत. दूध, अंडी, मांस त्यांच्या वाट्याला येई.

मिसिसिपीतल्या जॅक्सन गावच्या अनाथालयात आणखी एक धागा मिळाला. तिथे पेलाग्रा प्रामुख्यानं ६ ते १२ वयाच्या मुलांना. त्याहून लहानांना नाही, मोठ्यांनाही फारसा नाही. असं का? तर सहाच्या आतल्या बाळांना दूध मिळायचं. बाराच्या वरच्यांना शेतावर कामाला जुंपायचे, म्हणून मांस वाढायचे. मधली पोरं ना दुधाची, ना कामाची. त्यांच्या ताटात मका आणि काकवी.

गोल्डबर्गरनी सरकारी पैशातून त्या मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगाभाज्या सुरू केल्या. दुसरं काहीही बदललं नाही. ना साफसफाई वाढवली, ना कुणाला वेगळं ठेवलं. पुढच्या वर्षी चट्ट्यांचा हंगाम आला आणि चट्टे जवळपास आलेच नाहीत.

तुरुंगातला प्रयोग

चांगलं खाऊन रोग जातो हे दिसलं. पण वाईट खाऊन रोग येतो का? १९१५ मध्ये मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग-शेतीवर हे तपासायचं ठरलं. निरोगी कैद्यांनी काही महिने ठरावीक आहार घ्यायचा. मका, मैद्याची बिस्किटं, भात, रताळी, काकवी, थोडी कोबी. बदल्यात गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांच्याकडून शिक्षामाफी. १२ जण तयार झाले, त्यातले ११ शेवटपर्यंत राहिले. एप्रिलमध्ये सुरू झालेला प्रयोग ऑक्टोबरअखेर संपला, तोवर ११ पैकी ६ जणांच्या अंगावर पेलाग्राचे चट्टे उठले होते.

इथे जरा थांबा. हा प्रयोग आज कुठल्याही कॉलेजच्या एथिक्स कमिटीपुढे ठेवला तर ती तो पहिल्या पानावरच फेटाळेल. गजाआडच्या माणसाला सुटकेचं आमिष दाखवून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. ती माणसं हालहाल होऊन आजारी पडली. गोल्डबर्गर मोठे होतेच, पण म्हणून हे पान झाकायचं कारण नाही. वैद्यकाचा इतिहास वाचताना शोध कुणी लावला हे जसं विचारतो, तसं त्याची किंमत कुणी मोजली हेही विचारायला हवं.

आणि मग ती पार्टी

एवढं होऊनही टीकाकार गप्प बसेनात. प्रयोग बनावट आहे, कैद्यांना झालेला रोग पेलाग्राच नाही, एक ना दोन. गोल्डबर्गर संतापले. संसर्ग होतो म्हणता? बघूच.

एप्रिल १९१६. गोल्डबर्गर आणि त्यांचे सहकारी जॉर्ज व्हीलर यांनी पेलाग्राच्या रुग्णाचं रक्त एकमेकांना टोचलं. रुग्णांच्या नाकातला, घशातला स्राव आपल्या नाकाघशात लावला. इथवर ठीक. पुढे त्यांनी रुग्णांच्या कातडीच्या खपल्या, लघवी आणि विष्ठा पिठात मळली, त्याच्या गोळ्या केल्या आणि त्या गिळल्या.

हो, गिळल्या. एकदा नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी असे सात प्रयोग झाले. एकूण १६ जण त्यात सामील झाले. त्यांनी या प्रकाराला दिलेलं नाव इतिहासात राहिलं : घाणीच्या पार्ट्या!

या सोळांत एकच बाई होती. मेरी गोल्डबर्गर. तिनंही गोळी गिळायचा हट्ट धरला होता. गोळी काही तिला दिली नाही, पण पेलाग्राच्या रुग्णाचं रक्त तिनं टोचून घेतलं. घरात लहान मुलं असताना. नवऱ्याच्या निष्कर्षावर किती विश्वास असेल, विचार करा.

निकाल? सोळांपैकी एकालाही पेलाग्रा झाला नाही.

खरा जंतू : गरिबी

आता सोपं होतं ना? लोकांना सांगायचं, दूध प्या, अंडी खा. पण लोक मका-काकवीच का खात होते? हौस म्हणून?

हा प्रश्न सोडवायला गोल्डबर्गरनी सोबत घेतला तो डॉक्टर नव्हे, अर्थशास्त्रज्ञ. एडगर सायडेनस्ट्रिकर. नोबेलविजेत्या लेखिका पर्ल बक यांचा थोरला भाऊ. १९१६ पासून दोघांनी साउथ कॅरोलिनातल्या कापडगिरण्यांची सात गावं घेतली आणि घराघरात जाऊन नोंदी केल्या. कुणाची कमाई किती, घरात काय विकत आणलं, गाय आहे का, परसात भाजी आहे का, कुणाला चट्टे आहेत.

आकडे स्वच्छ बोलत होते. कमाई जितकी कमी, पेलाग्रा तितका जास्त. पण नुसती कमाईही नव्हे. तेवढाच पगार असलेली दोन गावं घ्या. ज्या गावात आसपासचे शेतकरी ताजा भाजीपाला आणि मांस विकायला आणत, तिथे रोग कमी. जिथे गिरणीच्या दुकानातून जे मिळेल तेच उधारीवर उचलावं लागे, तिथे जास्त. कसणाऱ्यांची गत तर आणखी वाईट. मालक दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावायला लावी, भाजीला वाफाभर जागा शिल्लक ठेवत नसे.

म्हणजे रोगाचं मूळ शोधत हा माणूस कातडीवरून ताटावर आला, ताटावरून पाकिटावर आणि पाकिटावरून जमिनीच्या मालकीवर. हे कुणाला आवडणार होतं? १९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा गोल्डबर्गरनी इशारा दिला की पेलाग्रा उसळणार. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा केली, तर दक्षिणेतले पुढारीच खवळले. आमच्याकडे दुष्काळ नाही, आमची बदनामी थांबवा, मदत नको! राज्याची अब्रू वाचली. माणसं मात्र मरत राहिली.

यीस्टचा चमचा

गरिबी हटवणं डॉक्टरच्या हातात नव्हतं. मग निदान स्वस्त उपाय तरी शोधू, म्हणून ते प्रयोगशाळेत बसले. कुत्र्यांनाही निकस आहारावर ठेवलं की जीभ काळी पडण्याचा एक रोग होतो. तो पेलाग्राचाच भाऊ आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्या कुत्र्यांवर एकेक पदार्थ तपासला. त्यातून हाती लागलं ते बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट. पैशापासरी मिळणारं. रोजच्या थोड्याशा यीस्टनं पेलाग्रा टळत होता. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, लाखो लोक छावण्यांत आले, तेव्हा गोल्डबर्गर यांच्या सल्ल्यावरून रेडक्रॉसनं हजारो पौंड यीस्ट वाटलं.

यीस्टमध्ये, दुधात, मांसात असं काय आहे? त्या अज्ञात घटकाला गोल्डबर्गरनी नाव दिलं पी-पी फॅक्टर, म्हणजे पेलाग्रा रोखणारा घटक. तो घटक हाताला लागायच्या आधीच, १७ जानेवारी १९२९ रोजी, किडनीच्या कॅन्सरनं ते गेले. वय अवघं ५४. त्यांची रक्षा पोटोमॅक नदीत सोडली गेली.

आठ वर्षांनी, १९३७ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी काळ्या जिभेचा कुत्रा निकोटिनिक ॲसिडनं बरा करून दाखवला. हाच तो पी-पी फॅक्टर! लगेच माणसांवरही गुण आला. गंमत म्हणजे हे रसायन नवं नव्हतंच. तंबाखूतल्या निकोटिनपासून ते एकोणिसाव्या शतकातच बनवलं गेलं होतं. कॅसिमिर फंक या शास्त्रज्ञानं तर ते गोल्डबर्गर यांच्या तपासाच्या आधीच भाताच्या कोंड्यातून वेगळं केलं होतं आणि बेरीबेरीवर चालत नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं. पावात तंबाखू घालतात की काय असा लोकांचा गैरसमज होऊ नये, म्हणून पुढे त्याचं नाव बदलून नायसिन केलं. १९४० च्या दशकात अमेरिकेत पिठात नायसिन मिसळू लागले आणि पेलाग्रा हटत गेला.

मक्याचं कोडंही सुटलं. मक्यात नायसिन असतं, पण ते असं बांधलेलं की पोटात सुटत नाही. मेक्सिकोतले लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत. त्यामुळे ते मोकळं होतं. युरोप-अमेरिकेनं मका उचलला, चुना मात्र तिथेच ठेवला! शिवाय दूध-अंड्यांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर स्वतःच नायसिन बनवतं. अनाथालयातली पोरं दुधावर बरी झाली ती यामुळे.

आपल्याकडेही हा रोग होता. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावर जवळपास फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा अभ्यासला. घाबरू नका, भाकरीचा दोष नाही. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे, भाजी असेल तर प्रश्नच नाही. प्रश्न नुसत्या भाकरीचा होता. म्हणजे पुन्हा गरिबीचाच.

मग तुमचा चेहरा लाल का झाला?

आता त्या गोळीकडे वळू. निकोटिनिक ॲसिड पेशंटना देऊ लागले तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की मोठा डोस दिला की माणूस लाल होतो. याला फ्लश म्हणतात. ३० ते ५० मिलिग्रॅमच्या पुढे तो होऊ शकतो. गोळीनंतर साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि बहुतेकदा तास-दीड तासात ओसरतो.

होतं काय, तर नायसिन कातडीतल्या काही प्रतिकारपेशींवरच्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं. त्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतात आणि कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त वर येतं. म्हणून लाली, म्हणून गरम वाटणं, म्हणून खाज.

मग ही ॲलर्जी आहे का? नाही. ॲलर्जीत शरीर एखाद्या पदार्थाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार ठेवतं. इथे तसं काही नाही. हा औषधाचा थेट परिणाम आहे, डोस मोठा असेल तर बहुतेकांना होणारा. पण गल्लत का होते, त्याला कारण आहे. फ्लशमधलं प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे रसायन खऱ्या ॲलर्जीतही सुटतं, तिथे ते मास्ट सेल या वेगळ्या पेशींतून येतं. निरोप्या तोच, धाडणारा वेगळा. म्हणून दिसायला दोन्ही सारखं.

खरी ॲलर्जीही क्वचित होऊ शकते. नायसिनची, किंवा गोळीतल्या रंगाची, इतर भरीची. तेव्हा आपल्याला फ्लशच झालाय असं परस्पर ठरवून बसणंही धोक्याचं. अंगावर उंच गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, घसा आवळला, श्वास लागला, भोवळ आली, तर आमसुलाचं पाणी नको आणि वाट बघणंही नको. थेट हॉस्पिटल.

आणि लाली ओसरली म्हणजे गोळी निर्धोक, असंही नाही. १९५५ मध्ये मोठ्या डोसचं नायसिन कोलेस्टेरॉल उतरवतं असं दिसलं आणि ते अनेक वर्षं औषध म्हणून दिलं गेलं, रोज एक-दोन ग्रॅमपर्यंत. पण इतक्या डोसला लिव्हरला इजा, रक्तातली साखर वाढणं, युरिक ॲसिड वाढून गाऊट, पोटात जळजळ, बीपी उतरून चक्कर, हे सगळं येतं. फ्लश कमी व्हावा म्हणून हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या, तर त्यांतल्या काहींनी लिव्हरला जास्त त्रास दिला. २०१४ मध्ये २५ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. स्टॅटिनसोबत नायसिन आणि फ्लश रोखणारं औषध देऊनही हार्ट ॲटॅक, स्ट्रोक काही कमी झाले नव्हते. उलट मधुमेह, रक्तस्राव, संसर्ग असे गंभीर त्रास वाढले होते.

गोल्डबर्गर ज्या कणभर घटकासाठी आयुष्यभर झुरले, तो आज डबाभर मिळतो. त्यांच्या पेशंटना दिवसाला काही मिलिग्रॅम मिळाले असते तर ते जगले असते. आपण शेकडो मिलिग्रॅम विकत घेतो, कारण डबीवर ग्लो लिहिलंय. त्यांनी शिकवलेली गोष्ट गोळी घ्या ही नव्हतीच. ताटात काय आहे ते बघा आणि शेजारच्याच्या ताटात काय नाही तेही बघा, ही होती.

गोळी घेण्याआधी

* गरज किती? अमेरिकेतल्या निकषानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १६ आणि स्त्रीला १४ मिलिग्रॅम. शेंगदाणे, डाळी, मासे, चिकन, दूध, अंडी, धान्य असा मिश्र आहार असेल तर गोळीवाचून भागतं. सप्लिमेंटमधून ३५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी तिथली मर्यादा आहे.
* लेबल वाचा. नायसिन किंवा निकोटिनिक ॲसिड असेल तर फ्लश होऊ शकतो. नायसिनामाइड असेल तर सहसा होत नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या बऱ्याच गोळ्यांत हेच असतं. एनर्जी ड्रिंकमध्येही नायसिन असतं, तेही हिशेबात धरा.
* आधी विचारा. लिव्हरचा आजार, मधुमेह, गाऊट, अल्सर, कमी बीपी किंवा ॲलर्जीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठा डोस नको.
* लाल झालात तर पुढची गोळी थांबवा, डबी सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. काय खाल्लं, कधी, किती, हे लिहून ठेवा. अर्धं निदान त्यातच होतं.
* पेलाग्रा संपलेला नाही. दारूच्या आहारी गेलेल्यांत, निर्वासितांच्या छावण्यांत आणि कधी कधी क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध घेणाऱ्यांत तो आजही दिसतो. दोन्ही हातांवर आणि गळ्याभोवती सारखे चट्टे, सोबत जुलाब आणि गोंधळल्यासारखं वागणं दिसलं, तर त्या माणसापासून लांब पळू नका. हा रोग शिवून पसरत नाही. त्याला दवाखान्यात न्या.